उमरेडसारख्या तालुक्याच्या गावात रेतीचे नमुने कुठे शोधावेत?

रानजाई

नमस्कार मंडळी. मला रेतीचे नमुने जमवायचा छंद आहे. चमचाभर रेती पांढऱ्या बशीत पसरून १० पटीचं भिंग लावलं की ती नदी कुठून कुठून आली ते दिसायला लागतं. काचेसारखं क्वार्ट्झ, गुलाबी फेल्डस्पार, अभ्रकाचे पापुद्रे, मधूनच तामड्याचा (गार्नेटचा) लालबुंद दाणा. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, भूशास्त्रात ०.०६२५ ते २ मिलिमीटरच्या दाण्याला रेती म्हणतात, मग तो कशाचाही असो. त्याहून बारीक तो गाळ आणि मोठा तो खडा.

माझं गाव भिवापूर तालुक्यात, नोकरी उमरेडला. वैनगंगा तशी जवळ. पण गोसीखुर्दचं पाणी वर आंभोऱ्यापर्यंत चढल्यापासून तिथले रेतीचे पट्टे बुडाले आहेत. धरणाच्या खाली पवनीकडे रेती दिसते, पण तिथल्या घाटांवर, म्हणजे जिथून रेती उपसतात तिथे, एकट्या बाईने पिशवी घेऊन हिंडावं असं वातावरण नेहमी नसतं. त्यात आता पावसाळा लागला. म्हणून ठरवलंय की दिवाळीपर्यंत उमरेड शहरातच शोधायचं. बसस्टँड ते ऑफिस या रस्त्यावर रेती किती ठिकाणी असते हे एकदा बघायला लागल्यावर लक्षात आलं: बांधकामांचे ढीग, पेट्रोल पंपावरच्या लाल बादल्या, शाळेतला लांब उडीचा खड्डा, नालीच्या तोंडाशी साचलेली.

विचारायचं हे की अजून कुठे बघू? आणि अशा ठिकाणची रेती मूळ कुठली, हे कसं काढायचं? ते कळलं नाही तर बाटलीवर चिठ्ठी तरी काय लावणार?

तुरीचं_शेत

वाचतोय. विषय एकदम नवा आहे माझ्यासाठी. चालू द्या.

गिट्टीवाला

ताई, माझं बिल्डिंग मटेरियलचं दुकान हाये, तुमच्याच पट्ट्यात. शहरात रेती पाह्याची तं बांधकामावर जा, पण घरमालकाले नोका विचारू. त्याले ब्रासचा भाव माहीत रायते, घाट नाही. मिस्त्रीले विचारा. जुना मिस्त्री रेती मुठीत दाबते, कानाजवळ नेऊन चोळते आन सांगते कोन्या नदीची हाय थे.

आमच्या दुकानात येते त्याच्यावरून सांगतो. वैनगंगेची रेती उजळ, भरड, मुठीतून सरसर सुटते. कन्हानच्यात काळे दाणे मिसळलेले दिसतात. वर्धा नदीकडची आली तं आखीन काळपट. नाल्याची रेती मातकट, हात धुतल्याशिवाय जात नाही.

आन एक सांगतो जे कोनी सांगत नाही. प्लास्टरसाठी मिस्त्री रेती तिरप्या जाळीवर टाकून चाळते. जाळीतून पडलेली भिंतीले लागते. जाळीवरून घसरून खाली आलेली गोटी मात्र तशीच पडून रायते, मंग थे घराच्या भरावात नाही तं रस्त्यावरच्या खड्ड्यात टाकतात. थे गोटी पाहा तुमी. नदीनं कुठून कुठून दगड आणला हे त्याच्यात मोठ्या अक्षरात दिसते. लाल, हिरवे, दुधी, पट्ट्यापट्ट्याचे. माझ्या पोरीनं त्याच्यातून गारगोट्या येचून बरणी भरली हाये.

नदीवेडा

छंद उत्तम, पण मी जरा स्पष्ट बोलतो. ढिगातली रेती हा नमुना नव्हे. नमुन्याची किंमत त्याच्या ठिकाणात असते. रेती घाटावरून निघते, डेपोत दुसऱ्या रेतीवर ओतली जाते, तिथून वेगळ्या ट्रकमध्ये भरते, बांधकामावर आधीच्या उरलेल्या ढिगावर पडते. त्यात सिमेंट सांडतं, विटांचा चुरा मिसळतो, कुत्री-कोंबड्या उकरतात. वर ट्रकवाला कोणता घाट सांगेल याचा भरवसा नाही. रॉयल्टीच्या पावतीवर एक घाट आणि रेती दुसऱ्याच घाटाची, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी स्वतः नदीच्या पात्रात उभा राहून, कोणत्या काठाला, पाण्यापासून किती वर, हे लिहून घेतल्याशिवाय बाटली भरत नाही. ज्याचं ठिकाण माहीत नाही ती रेती दिसायला कितीही सुंदर असली तरी मी ठेवत नाही.

रानजाई

@गिट्टीवाला दादा, गोटीचं फार मोलाचं सांगितलंत. उद्याच बघते.

@नदीवेडा, तुमचं म्हणणं पटतं, म्हणूनच तर विचारलं. पण ढीग सोडून दिले तर शहरात उरतं काय?

खडकांची_भाषा

मी भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. नदीवेडा यांचा आग्रह योग्य आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ठिकाण माहीत नसेल तर नमुना निरुपयोगी होत नाही, त्याचा प्रश्न बदलतो. नदीकाठच्या नमुन्याला आपण विचारतो, या जागी काय आहे? ढिगाला विचारायचं, तू कुठून आलास? दुसरा प्रश्न अवघड आहे आणि म्हणून शिकवणारा आहे. त्याचं उत्तर दाण्यांमध्येच असतं, आणि उमरेडसारखं गाव त्यासाठी नशीबवान आहे. का ते सांगतो, थोडं लांबेल.

विदर्भाचे खडकांच्या दृष्टीने ढोबळ दोन भाग पडतात, आणि नागपूर जवळजवळ सीमेवर बसलेलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याचीच. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा इथल्या नद्या मुख्यतः हाच खडक झिजवत येतात. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे त्याहून कितीतरी जुने, कोट्यवधी नव्हे तर अब्जावधी वर्षांचे स्फटिकी खडक: नाइस, शिस्ट, संगमरवर, क्वार्ट्झाइट. उमरेड या दोन्हींच्या जवळ आहे, आणि त्याच्या पोटात तिसरा खडक आहे, कोळशाबरोबरचे गोंडवाना वाळूखडक, सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे. हा वाळूखडक म्हणजे त्या काळच्या नद्यांची रेतीच. तो झिजून आजच्या नाल्यात आलेला क्वार्ट्झचा दाणा दुसऱ्यांदा नदीत उतरलेला असतो.

आता ढिगाकडे या. भिंगाखाली बहुतांश दाणे काचेसारखे आणि गुलाबी असतील, अभ्रक चमकत असेल, तामडा सापडत असेल, तर रेती वैनगंगेच्या बाजूची. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट, गोंदिया, भंडारा असे स्फटिकी खडकांचेच प्रदेश उतरते. दाणे काळे-तपकिरी, ठिसूळ, त्यात दुधी झिओलाइट (लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज) आणि लालसर-हिरवट अकीक-जास्परचे तुकडे असतील तर ती बेसॉल्टच्या मुलखातली. दोन्ही मिसळलेलं असेल तर कन्हानचा विचार करा. ती छिंदवाड्याच्या सातपुड्यातून बेसॉल्ट आणि नाइस दोन्ही घेऊन येते, आणि बिना संगमाशी तिला पेंच आणि कोलार मिळतात.

एक चुंबक जवळ ठेवा. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चालतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या रेतीवरून फिरवायचा, काळे कण चिकटले की पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढायचा, कण पिशवीत राहतात. बेसॉल्टच्या रेतीत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, भरपूर निघतं. रामटेक-मनसरकडून आलेल्या रेतीत काळे कण दिसतात पण बहुतेक चुंबकाला दाद देत नाहीत, तिथे मँगनीजची शंका घ्यावी. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. भंडारा जिल्हा कायनाइटसाठी प्रसिद्ध आहे. त्याचा निळसर, पात्यासारखा चपटा कण एखाद्या ढिगात दिसला तर त्या दिवशी मला कळवा.

माझी पद्धत अशी. बाटलीवर अ, ब किंवा क लिहायचं. अ म्हणजे स्वतः पात्रातून घेतलेला. ब म्हणजे ढिगातला, पण घाट सांगितलेला, आणि तो कोणी सांगितला तेही चिठ्ठीवर: मिस्त्री, चालक, दुकानदार. क म्हणजे मूळ अज्ञात. क वर्गाच्या बाटल्या वेगळ्या फळीवर. वर्षभराने पुरेशा अ बाटल्या जमल्या की क ची एकेक बाटली त्यांच्या शेजारी ठेवून बघायची.

फुटाणा

सरांचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

उमरेडला आठवडी बाजारात फुटाणे-मुरमुरे भाजणारे बसतात ना? त्यांच्या कढईत रेतीच असते. ती वर्षानुवर्षं तापून, ढवळून वेगळीच झालेली असते. एक चमचा मागून बघा.

रानजाई

फुटाणेवाल्या मावशींकडे जाऊन आले, आणि हे मनापासून लिहावंसं वाटतंय.

त्यांनी रेती द्यायला जराही आढेवेढे घेतले नाहीत, उलट भाजायची रेती कशी निवडायची ते समजावून सांगितलं. बारीक नको, ती दाण्याला चिकटते. जाड नको, दाणा सगळीकडून तापत नाही. माती तर अजिबात नको. घरी आणली की धुवायची, वाळवायची, चाळायची, आणि पहिल्या काही घाण्या विकायच्या नाहीत, कारण नव्या रेतीला वास असतो. त्यांच्या सासूच्या वेळची रेती कन्हानवरून यायची, हल्ली बांधकामावरूनच मागून घेतात. काही लोक आता मिठात भाजतात असंही म्हणाल्या.

भिंगाखाली ती रेती मी आजवर पाहिलेल्या कोणत्याच रेतीसारखी नाही. कडा मऊ झालेल्या, प्रत्येक दाण्यावर तेलकट तपकिरी मुलामा, मधेमधे हरभऱ्याच्या टरफलाची काजळी. क्वार्ट्झचे कित्येक दाणे आतून तडकलेले. चुंबकाला काळे कण मात्र तसेच चिकटले. चिठ्ठीवर लिहिलंय: "क, फुटाण्याची कढई, उमरेड बाजार, मूळ बांधकामाची रेती, सांगणार विक्रेत्या." धुवून थोडी वेगळी ठेवली आहे आणि थोडी न धुता.

पाण्याची_टाकी

मी पाणीपुरवठ्याच्या कामात असतो. जलशुद्धीकरण केंद्रात जलद वाळू गाळणी असते, तिच्यातली रेती मुद्दाम एकाच मापाची निवडलेली असते. प्रभावी आकार (ज्याहून बारीक फक्त दहा टक्के दाणे असतात तो) साधारण ०.४५ ते ०.७० मिलिमीटर, थर ६० ते ७५ सेंटिमीटर. गाळणीतली रेती बदलतात तेव्हा जुनी बाहेर टाकली जाते. तेव्हा केंद्रावर रीतसर अर्ज देऊन मुठीभर मागा, बहुधा कोणी नाही म्हणणार नाही. गाळणीत आपण होऊन मात्र हात घालू नका, ते लोकांचं पिण्याचं पाणी आहे.

शेजारी नदीची न निवडलेली रेती ठेवली तर मुलांना 'एकसारखा दाणा' म्हणजे काय हे न सांगता कळतं.

रेल्वेचंही सांगतो. इंजिनाची चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर कोरडी रेती सोडायची सोय असते, त्यासाठी लोकोशेडमध्ये रेती वाळवून ठेवतात. ओळखीचा कर्मचारी असेल तर मागून घ्या, रुळांवर जाऊन शोधू नका.

अंगणातली_तुळस

माझं वय झालं, मला ते भिंगाचं फारसं कळत नाही, पण रेतीचं एक आठवलं म्हणून लिहिते. हरतालिकेला आम्ही रेतीची महादेवाची पिंड करतो. त्यासाठी ढिगातली रेती चालत नाही, नदीचीच लागते, तीही वाहत्या पाण्याकाठची, स्वच्छ. भाद्रपदात नदीला पाणी असलं तरी बाया काठावरून ओंजळभर आणतातच. आता सगळ्यांना जमत नाही, मग आळीतली एखादी आणते आणि घराघरांत वाटते. कोणत्या नदीची, कोणत्या घाटावरची, हे ती अगदी ठामपणे सांगते.

तर बाळा, हरतालिकेच्या आदल्या दिवशी चार घरी विचार. पूजेच्या आधीच चमचाभर मागून घे, कोणी नाही म्हणणार नाही. पूजा झालेली मात्र घेऊ नकोस, ती विसर्जनाची.

नदीवेडा

@अंगणातली_तुळस, काकू, हे मला सुचलंच नव्हतं. ठिकाण माहीत असलेली, नदीकाठून हाताने आणलेली रेती, शहरात, तीही ऐन पावसाळ्यात. स्वतः घेतलेला नसला तरी हा नमुना मी अ वर्गात धरेन.

काळीमाती

इकडे अकोल्याकडून लिहितोय. तुमच्या धाग्यात सगळी गुलाबी-पांढरी रेती चालली आहे, आमच्या काळ्या रेतीबद्दल कोणीतरी बोललं पाहिजे.

पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर इतका जाड आहे की खडक दिसायला मैलोन् मैल जावं लागतं. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, तशी काठची रेतीही कधीकधी वाळल्यावर पांढरी पडते. ते मीठ. असा नमुना साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, नाही तर बाटलीत ओलावा धरतो आणि गोळे होतात. पण धुण्याआधी थोडी तशीच ठेवायची, कारण ते मीठ हीसुद्धा त्या जागेची खूण आहे.

बेसॉल्टच्या रेतीला लोक एकसुरी म्हणतात. मला ते मान्य नाही. नीट बघा, तिच्यात लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट, हिरवट सेलाडोनाइटचा लेप, दोन थरांमधल्या लाल मातीचा चुरा, पट्टेदार अकीक असं सगळं असतं. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला टेकडीवर झिओलाइटचे गोल खडे सापडतात, लोक ते बाबा फरीदांच्या कथेशी जोडतात. श्रद्धेचं ठिकाण आहे, तिथून उचलण्याआधी तिथल्या लोकांना विचारावं.

आणि लोणारबद्दल कळकळीची विनंती. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं ते विवर जगात दुर्मीळ आहे, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं. तिथे आघाताने वितळलेल्या काचेचे बारीक कण सापडतात म्हणून संग्राहकांचा डोळा असतो. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिथली चिमूटभरसुद्धा आणू नका. बघा, फोटो काढा, तिथेच राहू द्या.

तुरीचं_शेत

मध्येच विचारतो. नदीवरून अशी थोडी रेती उचलली तर तहसीलवाले पकडतात का? आमच्याकडे रेतीवरून फार गरम असतं वातावरण.

कोतवालीचा_चावडा

महसूलच्या कामाशी संबंध आहे म्हणून उत्तर देतो. रेती गौण खनिज आहे. १९५७ चा खाणी व खनिजे कायदा आणि राज्याचे २०१३ चे गौण खनिज नियम तिला लागू होतात. हे सगळं उपसा आणि वाहतुकीसाठी आहे, बाटलीतल्या नमुन्यासाठी नव्हे. तरी तीन गोष्टी पाळा. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, त्या काळात पात्रात फावडं-घमेलं घेऊन दिसू नका, चमचा आणि छोटी डबी पुरे. गावात गेल्यावर आधी पोलीस पाटील किंवा कोतवालाला सांगा. लिलाव झालेल्या घाटावर काम चालू असेल तर तिथे जाऊच नका, वाहनं मागेपुढे होत असतात आणि अनोळखी माणूस फोटो काढताना दिसला की भलता अर्थ निघतो.

अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचा भाग वेगळा. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, चपराळा इथून काहीच उचलायचं नाही. पवनीची टेकडी, मनसरचं उत्खनन अशा जागीही हात लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिवाचं. जिथे उपसा झाला तिथे पात्रात खोल डोह तयार होतात. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. धरणाच्या खाली तर दरवाजे उघडले की पाणी भराभर चढतं. मुलांना घेऊन जाणार असाल तर जानेवारीनंतर जा, आणि गावातला ढिवर (मासेमार) किंवा डांगरवाडी, म्हणजे पात्रातली टरबूज-खरबुजाची वाडी, लावणारा माणूस सोबत घ्या. त्याला पात्राचा इंच न् इंच ठाऊक असतो. डांगरवाडीबाहेरची स्वच्छ, अस्पर्श रेती कुठे आहे हेही तोच दाखवेल.

रानजाई

खूप आभार. दरम्यान नालीच्या तोंडाशी साचलेल्या रेतीचा हिशेब सांगते, कारण मला त्यात सर्वांत जास्त शिकायला मिळालं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मुख्य रस्त्याच्या मोरीपाशी आणि बायपासच्या दुभाजकाला लागून, अशी दोन ठिकाणची घेतली. मोरीची रेती अपेक्षेप्रमाणे सगळ्याची खिचडी निघाली: बांधकामाची उजळ रेती, क्रशरच्या चुरीचे टोकदार काळे तुकडे, विटांचे कण, टायरचा रबरी चुरा. दुभाजकाजवळच्या रेतीत मात्र अगदी गोल, पारदर्शक मणी दिसले. एकही कंगोरा नाही. नदीचा क्वार्ट्झ कितीही घासला तरी इतका गोल कधी पाहिला नाही. सर, हे काय असेल?

खडकांची_भाषा

@रानजाई, फार छान निरीक्षण. ते काचेचे मणी आहेत. रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे रात्री दिव्यात चमकावेत म्हणून रंगात आणि रंगावर असे मणी टाकतात. पट्टा झिजला की मणी सुटून कडेला जमतात. म्हणजे तुमच्याकडे शहराचाच स्वतःचा खनिज-कण सापडला, जो कुठल्याही डोंगरातून आलेला नाही.

त्याची गल्लत राखेच्या गोळ्यांशी करू नका. दगडी कोळसा जाळणाऱ्या विद्युत केंद्रांच्या राखेतही सूक्ष्म गोल कण असतात. ते फार बारीक, बहुतेक ०.१ मिलिमीटरहून कमी, राखाडी किंवा दुधी, काही आतून पोकळ. कोराडी-खापरखेडा परिसरातल्या किंवा चंद्रपूरकडच्या रेतीचा सर्वांत बारीक भाग मलमलीतून गाळून बघा, दिसण्याची शक्यता आहे.

चुरीही स्वतंत्र बाटलीत ठेवा. तिचा दाणा पाण्याने वाहिलेला नाही, फुटलेला आहे, म्हणून धारदार. नदीची रेती कमी होत चालली तसं बांधकामात चुरीपासूनच्या कृत्रिम वाळूचं प्रमाण वाढत जाणार. आज उमरेडच्या ढिगांमध्ये नदी आणि क्रशर यांचं काय प्रमाण आहे, ते लिहून ठेवलंत तर पुढे कोणालातरी त्याचा खरा उपयोग होईल.

आणखी एक. कोणी व्हिनेगर टाकून बुडबुडे आले म्हणून 'संगमरवराची रेती' असं लिहील, तर थांबा. बांधकामाच्या ढिगात सिमेंट आणि चुना असतो, त्यालाही बुडबुडे येतात. काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांनाही येतात. गोगलगायीच्या शिंपल्याच्या तुकड्यालाही येतात. आधी दाणा धुवा, एकटा वेगळा करा, भिंगातून बघा, मग थेंब टाका.

गिट्टीवाला

ताई, तुमच्यासाठी दुकानातल्या तिन्ही गाड्यांची रेती पुड्यात बांधून ठेवली हाये. पुडीवर घाट लिवला हाये, चालकाले दोनदा इचारून. एका पुडीवर मुद्दाम कायीच लिवलं नाही, कारण तो सांगे ना. थे तुमच्या 'क' च्या फळीवर ठेवा आन सरांना दाखवा.

नदीवेडा

माझा मूळ आक्षेप तसाच आहे, ब वर्गावर मी विश्वास ठेवणार नाही. पण गिट्टीवाल्यांनी न लिहिलेली पुडी मलाही हवी. माझ्याकडे पवनी, वढ्याचा वर्धा-पैनगंगा संगम, मार्कंडा आणि सिरोंचाच्या पात्रातल्या बाटल्या आहेत. सगळ्या स्वतः घेतलेल्या. त्यांच्याशी ताडून बघतो. रानजाई, बदल्यात प्रत्येकीतली थोडी तुम्हाला पाठवतो.

रानजाई

@नदीवेडा, नक्की पाठवते. मार्कंडा आणि सिरोंचा माझ्याकडे नाही, फार आनंद झाला. टपालाने पाठवायची तर किती आणि कशी पाठवू?

नदीवेडा

३० मिलिलिटर भरपूर झाली. औषधाच्या छोट्या बाटलीएवढी. आधी सावलीत पूर्ण वाळवा, उन्हात वरून कोरडी दिसते आणि आत दमट राहते. काचेच्या बाटलीत पाठवू नका. जाड प्लॅस्टिकची बंद होणारी पिशवी, तीवर चिकटपट्टी, ती दुसऱ्या पिशवीत. चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा, रेतीत ठेवली की घासून अक्षरं जातात. पिशवीवर बाहेरूनही क्रमांक टाका. पाकिटात आत काय आहे ते वरच लिहा: 'वाळलेली रेती, अभ्यासासाठी नमुना'. परदेशी कोणाला पाठवायची असेल तर वेगळी चौकशी करा, बऱ्याच देशांत मातीच्या आयातीवर बंधनं आहेत, आणि इटलीच्या सार्डिनियासारख्या बेटावरून तर वाळू नेल्यास ५०० ते ३००० युरो दंड आहे.

पत्ता खासगी संदेशात पाठवतो, इथे टाकू नका.

फुटाणा

मलाही या अदलाबदलीत घ्या. माझ्याकडे ब्रह्मपुरीकडच्या नाल्याची आहे, स्वतः आणलेली, तारीख आणि काठ लिहिलेला आहे. अ वर्ग.

रानजाई

@फुटाणा, घेतलं. यादीत नाव टाकलं. हरतालिकेनंतर पहिली पाकिटं निघतील, तोवर कोणाला यायचं असेल त्यांनी आपल्याकडे काय आहे आणि कोणत्या वर्गातलं ते इथेच लिहा.